मामांच्या शाफ्टचं कोटिंग

झिजलेलं लोखंड पुन्हा भरून काढण्यात सांगली, मिरज आणि कुपवाड या तिन्ही गावांत माझा हात धरणारा कोणी नाही, असं मी गेल्या वर्षापर्यंत भेटेल त्याला सांगत असे. आता सांगत नाही. खरं म्हणजे 'हात' हा शब्दच मी सध्या शक्यतो टाळतो. का, ते सांगतो.

कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत माझं वर्कशॉप आहे. आमचा धंदा सोपा आहे. पंपाचा नाहीतर कारखान्यातल्या एखाद्या मशीनचा शाफ्ट, म्हणजे आतला पोलादी दांडा, फिरून फिरून झिजतो. नवा मागवायचा तर दोन महिने वाट बघा. आम्ही काय करतो, पोलादाची तार विजेच्या ठिणगीवर वितळवतो आणि कॉम्प्रेसरच्या हवेनं तिचे बारीक थेंब त्या झिजलेल्या जागेवर फवारतो. थरावर थर बसत जातो. मग लेथवर मापात आणला की शाफ्ट नव्यासारखा. बघणाऱ्याला वाटतं, दिवाळीतला भुईनळा आडवा धरून कोणीतरी मजा करतंय.

पण यातली मेख फवारणीत नाही, फवारणीच्या आधी आहे. जिथं थर बसवायचा तिथं आधी लोखंडाची धारदार कच जोरात मारून ती जागा खरबरीत करावी लागते. याला ब्लास्टिंग म्हणतात. ब्लास्टिंग झालेलं लोखंड नव्या नवरीसारखं असतं, कोणी नुसतं बोट लावलं तरी मनात धरून ठेवतं. त्या बोटाचा तेलकटपणा राहिला की वरचा थर बसल्यासारखा दिसतो आणि चार दिवसांनी पापुद्रा निघावा तसा निघून येतो. म्हणून मी स्वतः रंगाऱ्याकडून एक बोर्ड लिहून घेतला आहे आणि तो लेथच्या बरोबर वर टांगला आहे. "ब्लास्टिंगनंतर जॉबला हात लावू नये. हुकुमावरून." जॉब म्हणजे कामाला घेतलेला तुकडा, आणि हुकूम अर्थातच माझा.

तर गेल्या फेब्रुवारीत माझ्या सासुरवाडीच्या पंपाचा शाफ्ट माझ्याकडे आला.

सासुरवाडी उंब्रजजवळ, नदीकाठी. माझे सासरे हंबीरराव, म्हणजे मामा, पलटणीतून सुभेदार म्हणून निवृत्त झाले आणि गावच्या उपसा सिंचन संस्थेचे चेअरमन झाले. नदीवर संस्थेचे दोन पंप. त्यातला मोठा बंद पडला आणि दहा दिवसांनी येणारी पाण्याची पाळी वीस दिवसांवर गेली. सगळ्या गावाचा ऊस त्या पाण्यावर, त्यामुळे संस्थेची तातडीची सभा भरली. विरोधी गटाचे नानासो म्हणाले, शाफ्ट पुण्याला पाठवा, तिथं मोठमोठ्या कंपन्या आहेत. त्यावर मामा उभे राहिले आणि भर सभेत बोलले, "माझा जावई करंल. न्हाई टिकलं तर दुसऱ्या दिवशी खुर्ची सोडतो."

मामांनी आयुष्यात दिलेला शब्द मागं घेतलेला नाही. आजारपणातसुद्धा डॉक्टरांना 'उद्या बरा होतो' म्हणून सांगितलं आणि उद्या बरे झाले. त्यामुळे आता मामांची खुर्ची माझ्या कोटिंगवर उभी होती, आणि माझी सासुरवाडीतली अब्रू त्या खुर्चीवर.

एरवी आमच्याकडे फवारणीची गन तानाजी धरतो. तानाजी मूळचा वडूजकडचा, माझ्याकडे बारा वर्षं आहे. मी केबिनमध्ये बसून गिऱ्हाइकांशी बोलतो. पण सासुरवाडीचं काम म्हटल्यावर मी तानाजीला फक्त ब्लास्टिंग करायला सांगितलं आणि गन स्वतः हातात घेतली. जावयानं स्वतः केलंय, असं गावात कळलं पाहिजे ना! काम देखणं झालं. मी स्वतःच दोनदा लांबून आणि एकदा जवळून बघितलं.

पंप सुरू झाला, पेढे वाटले गेले, माझा फोटो संस्थेच्या ग्रुपवर झळकला. आठव्या दिवशी मामांचा फोन आला. मामा फोनवर नमस्कार-चमत्कार करत नाहीत.

"जावईबापू, तुमचं लोखंड सालपाटावानी सुटलंया."

शाफ्ट परत आला. बघतो तर बाकी सगळा थर ठणठणीत आणि मधोमध तळहाताएवढा तुकडा गायब. एखादा कारागीर हबकला असता. मी हबकलो नाही. मी गुणवत्ता सुधारणा मोहीम जाहीर केली.

या मोहिमेसाठी माझ्याकडे शिवांजली होतीच. ही सांगलीचीच मुलगी, धातुशास्त्राचा डिप्लोमा केलेली, सहा महिन्यांपूर्वी मी तिला गुणवत्ता बघायला म्हणून घेतलं होतं. कमी बोलते आणि सगळं लिहून ठेवते. तिनं त्या उघड्या पडलेल्या जागेवर बटर पेपर ठेवून पेन्सिलीनं तिची कड उतरवून घेतली. मी म्हटलं, चित्रकला नंतर कर, आधी गुन्हेगार शोधू. ती म्हणाली, "सर, कुठंतरी तेल लागलंय एवढं नक्की." बस. तेवढं मला पुरलं.

आमच्याकडे चार वाजता चहाबरोबर खारे शेंगदाणे असत. ते त्याच दिवशी बंद झाले. डब्यातली तेलकट भाजी बंद, भाकरी-दही चालेल. सकाळी कामावर आल्यावर साबणानं हात कोपरापर्यंत धुवायचे आणि मला दाखवायचे. कॉम्प्रेसरच्या टाकीतलं पाणी दिवसातून तीनदा सोडायचं. कपाळाला गंध असेल तर ते सुकलेलं पाहिजे. आणि सगळ्यात मुख्य म्हणजे डोक्याला तेल लावून कामावर यायचं नाही.

हा शेवटचा नियम पाळला जातो की नाही ते बघायला मी एक युक्ती काढली. गेटवर उभं राहून प्रत्येकाच्या डोक्यावर वर्तमानपत्राचा तुकडा दाबायचा. कागदातून आरपार दिसायला लागलं की माणूस परत घरी. पहिल्याच दिवशी सहापैकी पाच जण परत गेले. सहावा टकला होता.

तानाजीनं दोन दिवस नियम पाळला. तिसऱ्या दिवशी केबिनमध्ये येऊन उभा राहिला.

"मालक, माझं डोकं मेंढरावानी झालंया. घरात बायकू जवळ बसंना."

मी त्याला समजावलं की गुणवत्ता ही त्यागातून येते. हे वाक्य मी पुण्यातल्या एका सेमिनारमध्ये ऐकलं होतं आणि बरेच दिवस वापरायची संधी शोधत होतो. तानाजीनं मान डोलावली. पण जाताना त्यानं माझ्या डोक्याकडे जरा जास्त वेळ बघितलं, असं मला आता आठवतं.

माझं डोकं या नियमातून वगळलेलं होतं. एक तर मी मालक. दुसरं म्हणजे माझं तेल हे तेल नव्हतंच, ते औषध होतं. माझे केस गेली पाच वर्षं मागं मागं सरकत चालले होते, आणि त्यावर संक्रांतीला माझ्या सासूबाईंनी, म्हणजे लीलाबाई मामींनी, तिळगुळाबरोबर पाच लिटरचा एक कॅन पाठवला होता. माका, जास्वंद, वडाच्या पारंब्या आणि आणखी काय काय घालून तीन दिवस चुलीवर उकळलेलं काळंभोर तेल. ते रोज सकाळी डोक्याला चोपडल्याशिवाय माझी बायको रेश्मा मला उंबऱ्याबाहेर सोडत नसे. वास असा, की गल्लीतली मांजरं आमच्या दारावरून जाताना पळत जात.

तर सगळे नियम पाळून आम्ही दुसऱ्यांदा तोच शाफ्ट केला. जुना थर काढला, पुन्हा ब्लास्टिंग, पुन्हा मी स्वतः गन घेतली. शिवांजलीनं हवा तपासली, तार तपासली, ऊन-पाणी तपासलं. तिच्या वहीत सगळीकडे बरोबरच्या खुणा होत्या.

चौथ्या दिवशी मामांचा फोन आला. या वेळी ते एकच शब्द बोलले, "सुटलं." मला सगळं कळलं.

या वेळी निघालेला तुकडा नानासोंच्या हाती लागला होता. तो रुमालात बांधून ते उंब्रजच्या चौकात हिंडू लागले. चहा प्यायला कोणी भेटला की रुमाल सोडायचे आणि म्हणायचे, हे बघा चेअरमनच्या जावयाचं पोलाद. पहिल्या वेळी मी दुरुस्त करून देतो म्हटल्यामुळे मामा थांबले होते, आता शब्द दिल्याप्रमाणे त्यांनी राजीनामा लिहिलासुद्धा. पण संस्थेचे सेक्रेटरी म्हणाले, तीनदा संधी द्यायचा रिवाज आहे. असा रिवाज कुठंही नाही. सेक्रेटरींचा ऊस मामांच्या शेजारी होता आणि नानासो चेअरमन झाले तर पाण्याची पाळी कुठून सुरू होईल, हे त्यांना माहीत होतं.

मामांनी राजीनामा खिशात ठेवला आणि शाफ्ट जीपमध्ये टाकून थेट कुपवाडला आले. बरोबर वळकटी, काठी आणि पलटणीतली शिट्टी.

त्यांचं म्हणणं असं, की एकाच जागी दोनदा सुटलं म्हणजे यात घातपात आहे. नानासोंनी माझ्या वर्कशॉपमध्ये माणूस फितवला आहे. "मी तिकडं सरहद्दीवर उंदीरबी आत सोडला न्हाई," ते म्हणाले, "हितं तर चार भिंती हायेत." आणि त्यांनी गेटवर खुर्ची टाकली.

पुढचे दोन दिवस माझ्या वर्कशॉपची छावणी झाली होती. आठ वाजता शिट्टी, हजेरी, हात पुढं, नखं दाखव. पोस्टमन आला तर त्यालाही डोकं दाखवावं लागलं. एक जुनं गिऱ्हाईक मिरजेहून आलं, त्याला मामांनी विचारलं, "नानासोला वळखता का?" तो बिचारा म्हणाला, कुठले नानासो, आमच्या चुलत्यांना पण नानासो म्हणतात. त्याला मामांनी अर्धा तास बसवून घेतलं. तो पुन्हा आलेला नाही.

मीही सुटलो नव्हतो, पण माझा त्रास वेगळा होता. रात्री जेवताना मामा माझ्याशी नीट बोलायचे, रेश्मालाही काही बोलायचे नाहीत. पण भाकरी मोडता मोडता मध्येच थांबायचे. खिशातल्या त्या कागदाला एकदा हात लावायचे आणि पुन्हा जेवायला लागायचे. त्यांनी माझ्या जिवावर सगळ्या गावासमोर शब्द टाकला होता. मला मनातून अतिशय वाईट वाटत होतं, आणि ते बोलून दाखवायची सोय नव्हती.

तिसऱ्या दिवशी सकाळी शिवांजली दोन बटर पेपर घेऊन आली. एक पहिल्या वेळचा, एक दुसऱ्या वेळचा. तिनं ते एकावर एक ठेवून उजेडासमोर धरले. कड तंतोतंत जुळत होती.

सगळे भोवती जमले. हा आकार कसला, यावर चर्चा सुरू झाली. तानाजी म्हणाला, दुष्काळी माण तालुक्याच्या नकाशावानी दिसतंय, म्हणून तिथं काय टिकत न्हाई. मामांना त्यात सरहद्दीवरची एक टेकडी दिसली, जिथं ते दोन हिवाळे होते. मला ते उसाच्या पाल्यासारखं वाटलं. शिवांजलीनं सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि कागद फिरवून, वरची बाजू खाली करून टेबलावर ठेवला.

"सर, हा हात आहे. उजवा."

बघतो तर खरंच. तळवा, त्याच्या वर तीन बोटं सरळ, चौथं जरासं बाहेर वाकलेलं. शाफ्टच्या गोलाईवर पसरलेला म्हणून इतके दिवस ओळखू येत नव्हता. मामा खुर्चीतून उठले. त्यांच्या डोळ्यांत जे तेज आलं ते मी लग्नात मुलगी देतानाही बघितलं नव्हतं.

"शिट्टी वाजवतो," ते म्हणाले. "सगळ्यांनी रांगेत या. ज्याचा हात बसंल, तो नानासोचा माणूस."

मला ही कल्पना फारच आवडली. मी स्वतः टेबलाशेजारी उभा राहिलो आणि एकेकाला बोलावू लागलो. आधी ब्लास्टिंगचा मदतनीस, त्याची बोटं आखूड. मग लेथवाला, त्याचा पंजा कागदाबाहेर जाणारा. तानाजीचा हात मी दोनदा ठेवायला लावला, कारण आतून माझा त्याच्यावर थोडा संशय होता. बसला नाही. शिवांजलीनं न सांगता आपला हात ठेवला, तोही लहान पडला. मामांनी न्यायाला धरून स्वतःचाही ठेवला. नाही.

"राहिलं कोन?" मामांनी विचारलं.

मी म्हटलं, कोणी नाही, सगळे झाले. म्हणजे बाहेरचाच माणूस असणार, मी उद्याच कॅमेरे बसवून घेतो. शिवांजली वहीत काहीतरी बघायला लागली. लेथवाला लेथ पुसायला लागला. तानाजी छताकडे बघत होता. छताकडेच बघत तो म्हणाला,

"मालक राहिल्यात."

मी हसलो. मोठ्यानं हसलो. माझा हात कसा असेल, मी तर हातमोजे घालून गन धरतो, हे सगळ्यांना माहीत आहे. पण मामा काठी टेकून उभे होते, म्हणून शिस्त म्हणून मी उजवा हात त्या कागदावर ठेवला.

माझी करंगळी वाकडी आहे. मी एकोणीस वर्षांचा असताना लेथच्या फिरत्या चकात अडकून ती बाहेरच्या बाजूला वाकली, ती तशीच राहिली. ती करंगळी त्या कागदावरच्या वाकड्या बोटावर अशी जाऊन बसली, की हात उचलायलाही मला धीर होईना.

मी म्हटलं, अरे पण मी हातमोजे घालतो की!

"त्येच्या आदी, मालक," तानाजी म्हणाला. आता तो माझ्याकडे बघत होता आणि त्याच्या आवाजात राग नव्हता. "तुमी येता, टोपी काढता, केसावरनं हात फिरवता, जॉबला हात लावून पाया पडता. मंग हेल्मेट घालता, हातमोजं घालता आन गन घेता. दर येळला करता की."

"मग तू बोलला का नाहीस?"

"बोर्ड तुमीच लावलाय. आमाला वाटलं, मालकांचं चालत आसंल."

खोटं कशाला सांगू, मला ते आठवतच नव्हतं. म्हणजे मी करतो हे मला ठाऊकच नव्हतं. पण तो सांगत गेला तसा माझ्या डोळ्यांपुढं मी नाही, माझे वडील उभे राहिले. वडील पलूसकडे टर्नर होते, म्हणजे लेथवर काम करायचे. सकाळी मशीनसमोर गेले की टोपी काढायचे, केस सारखे करायचे, देवळात शिरताना करतात तसे, आणि जॉबला हात लावून तो कपाळाला न्यायचे. मग मशीन सुरू. मी लहानपणी त्यांच्या डब्याबरोबर जाऊन हे बघायचो. पुढं मी लेथवर उभा राहिलो, तेव्हा मला कोणी शिकवावं लागलं नाही. वडील जाऊन चौदा वर्षं झाली. त्यांची ही एक गोष्ट माझ्या हातात राहिली होती आणि मला पत्ता नव्हता.

शिवांजलीनं हळूच विचारलं, "सर, पण पूर्वी तुमचे जॉब असे सुटत नव्हते. हल्ली केसांना काही नवीन लावता का?"

या प्रश्नाचं उत्तर वर्कशॉपमधल्या प्रत्येकाला गेले दोन महिने नाकानं कळत होतं. तरी सगळे माझ्या तोंडाकडे बघत राहिले. मी मामांकडे बघितलं. मी म्हटलं, घरचंच तेल आहे. मामांनी विचारलं, कुणाच्या घरचं? मी म्हटलं, तसं म्हणजे... आपल्याच घरचं.

मामांना कळायला वेळ लागला नाही. ते तीन दिवस ज्या शत्रूला शोधत होते, तो त्यांच्याच चुलीवर तीन दिवस उकळला होता. मिशीवरून हात फिरवत ते खाली बसले. मग त्यांनी मला जवळ बोलावलं आणि इतक्या हलक्या आवाजात बोलले, की आमच्या लग्नाला वीस वर्षं झाली तरी तो आवाज मी ऐकला नव्हता.

"नानासोला मी बगून घीन. पर ह्ये तुमच्या मामीला कळता कामा न्हाई."

त्या दिवशी मला मामांबद्दल पहिल्यांदाच आपलेपणा वाटला.

तिसऱ्यांदा शाफ्ट ब्लास्टिंग होऊन लेथवर चढला. मी घरूनच डोकं शिकेकाईनं धुऊन आलो होतो, रेश्माला सांगितलं की तिरुपतीचा नवस आहे. गेटपासून हातमोजे घातले होते. सगळं बरोबर होतं, तरी गन उचलायला माझं मन घेईना. आईला न सांगता घरातून निघाल्यासारखं वाटत होतं. उजवा हात हातमोज्यासकट दोनदा उठला, आणि दोन्ही वेळा मामांनी घसा खाकरला.

मी म्हटलं, मामा, वडिलांची सवय आहे. नमस्कार केल्याशिवाय काम सुरू करणं बरं वाटत नाही.

मामा माझ्याशेजारी येऊन उभे राहिले. "आमी पलटणीत झेंड्याला हात लावतो व्हय? लांबनंच सलाम ठोकतो. म्हनून मान कमी हुतो का? टाचा जुळवा."

मी टाचा जुळवल्या. मामांनी माझं कोपर सरळ केलं, बोटं जुळवली. करंगळी काही केल्या जुळेना, ती त्यांनी माफ केली. मग आम्ही दोघांनी मिळून त्या शाफ्टला कडक सलाम ठोकला. मागं वळून बघतो तर तानाजी, लेथवाला, शिवांजली, सगळे सलाम ठोकून उभे. मी गन घेतली.

त्या थराला आता अकरा महिने झाले. उन्हाळा गेला, पुराचं गढूळ पाणी आलं, पंप चालूच आहे. गावात पाण्याची पाळी दहा दिवसांवर आली, मामांनी राजीनामा चुलीत घातला. नानासोंचा रुमालातला तुकडा हरवला असं ते सांगतात. मला वाटतं, सेक्रेटरींनी घेतला.

राहता राहिला तेलाचा प्रश्न. निम्म्याहून जास्त कॅन शिल्लक होता आणि मामींचा दर आठवड्याला फोन असायचा, की संपलं का, दुसरा पाठवते. टाकून द्यावं तर रेश्माला कळणार. म्हणून मी "कामावर गेल्यावर लावतो" असं सांगून कॅन वर्कशॉपमध्ये नेऊन ठेवला. तिथं तो शिवांजलीच्या नजरेला पडला.

आमच्या धंद्यात एक डोकेदुखी असते. शाफ्टच्या एका भागावर थर हवा असतो आणि शेजारच्या भागावर अजिबात नको असतो. खाचांमध्ये उडालेले थेंब चिकटले की छिन्नीनं काढत बसावं लागतं. ते चिकटू नयेत म्हणून आम्ही मुंबईहून एक निळी पेस्ट मागवायचो. शिवांजलीनं पेस्टच्या जागी ब्रशनं मामींचं तेल लावून बघितलं. मुंबईची पेस्ट त्याच्यापुढं काहीच नाही! वितळलेलं पोलाद त्या तेलाला बघून दुसरीकडे वळतं. फडक्यानं पुसलं की जागा आरशासारखी. गेल्या सहा महिन्यांत आमची गुणवत्ता जी काही सुधारली आहे, ती या कॅनमुळे सुधारली आहे. शिवांजलीनं वहीत त्याला लीलाबाई मामींच्या नावावरून "एल.बी. तेल" असं नाव दिलं आहे.

हे सगळं सुरळीत चाललं होतं. पण खंडेनवमीला हत्यारांच्या पूजेसाठी मामा आणि मामी न सांगता वर्कशॉपमध्ये आले. मी पुढं होऊन नमस्कार करतोय तोवर मामींच्या नाकानं आपलं तेल ओळखलं. वासाच्या मागोमाग त्या थेट लेथपाशी गेल्या. तिथं तानाजी कॅन उघडून ब्रशनं एका शाफ्टच्या खाचेत तेल भरत होता.

मामींनी कॅनकडे बघितलं. तानाजीकडे बघितलं. मामा लगबगीनं कॉम्प्रेसरची टाकी बघायला निघून गेले.

तानाजी मात्र जागेवरून हलला नाही. "मामी," तो म्हणाला, "तुमचं त्याल लय गुणाचं हाय. ह्ये लावतो म्हनूनच आमचं काम फस्क्लास हुतंय. उंब्रजच्या शाफ्टचं तर तुमी बगितलंच." यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. बारा वर्षांत मी त्याचा पगार इतक्या आनंदानं वाढवला नव्हता, जितक्या आनंदानं मनातल्या मनात त्या क्षणी वाढवला.

मामींचा चेहरा फुलला. त्यांनी पदर सावरला, कॅनला हळदी-कुंकू लावलं आणि सांगितलं की दिवाळीला दोन कॅन पाठवते, लोखंडाला एक आणि जावयाला एक. मग एकाएकी त्या माझ्याजवळ आल्या आणि मी पूजेसाठी टोपी काढून उभा होतो, तर त्यांनी माझ्या डोक्याचं वरून निरीक्षण केलं. लोखंडाला एवढा गुण आला, मग इथं का नाही, असा प्रश्न त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होता.

"आवं," त्या मामांना हाक मारून म्हणाल्या, "लोखंडाचं एवढं झ्याक झालं. मंग ह्यांच्या डोसक्यावर का टिकंना?"

मामा कॉम्प्रेसरच्या मागून आले. त्यांनी माझ्या डोक्याकडे बघितलं, शिवांजलीकडे बघितलं, आणि सुभेदारासारखं शांतपणे सांगितलं, "तितं ब्लास्टिंग कमी पडलंया."

तानाजी एकाएकी खाली वाकून ब्रश शोधायला लागला, जो त्याच्या हातातच होता. मी टोपी घातली, डोक्याला हात न लावता, आणि शाफ्टपासून चार पावलं लांब जाऊन उभा राहिलो.